बेगमेचं टोपणनाव

चि. छकुलीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

नायब तहसीलदार झाल्याचे पेढे पोचले. सोबतची चिठ्ठी मात्र गोड लागली नाही. "आता कविताबिविता बंद, खुर्चीला शोभत नाही." तुझं किनवट काही लांब नाही, गाडीत बसून आले असते आणि तुझा कान धरला असता, पण गुडघे ऐकत नाहीत, म्हणून कागदावरच भांडते.

तुझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि शाळेत उर्दू, असं तेव्हाचं आदिलाबाद. म्हातारपणीही गजल वाचताना त्यांचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत जायचं आणि रदीफ, म्हणजे शेराअखेर पुन्हा येणारा शब्द, आला की कागदावर टेकून थांबायचं. भोपाळच्या शाहजहान बेगमेचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

ही कुणा राजाची राणी नव्हे, स्वतः गादीवर बसलेली. आई सिकंदर बेगम १८६८ मध्ये वारली, तेव्हापासून १९०१ पर्यंत संस्थानाचा कारभार हिच्याकडे. ताजुल मसाजिदचं काम हिनं काढलं, १८८९ मध्ये इंग्लंडात वोकिंगला उभ्या राहिलेल्या मशिदीला पैसा दिला, बायकांसाठी घरसंसारावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आणि एवढ्या रगाड्यात गजलांचे दोन दीवान, म्हणजे संग्रह. तुझ्याकडे तर नुसते फेरफार आणि सातबारे आहेत.

मला कुतूहल आहे ते तिच्या नावांचं. भोपाळच्या टपाल तिकिटांवर मधोमध उर्दूचा उठावदार ठसा आणि भोवती इंग्रजी अक्षरांत नवाब शाहजहान बेगम. पत्र कुणाचंही असो, नाव तिचं. गजलेत मात्र ती 'शीरीं', पुढे 'ताजवर'. १८७१ मध्ये सिद्दीक हसन खानांशी दुसरं लग्न केल्यावर ती पडद्यात गेली. १८८५ मध्ये इंग्रजांनी या नवऱ्याचे किताब काढून घेतले. गादीवरच्या बाईनं असल्या गोष्टी बोलायच्या कुणापाशी? गजलेत रुसवे, विरह, तक्रारी ठरलेल्याच असतात, त्यामुळे कोण कुणाला बोललं हे विचारायची सोय नाही. अमुक शेर तमुक दुःखाचा, असं जुळवत बसणं मला पटत नाही. पण अशी एक जागा तिनं राखली होती, एवढं खरं.

अडचण निराळीच आहे. राणीच्या कवितेला वाईट म्हणणार कोण? इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथनं स्कॉटलंडच्या मेरीच्या धास्तीनं एक कविता लिहिली. जॉर्ज पटनमच्या नावावर असलेल्या १५८९ च्या काव्यशास्त्राच्या पुस्तकात सगळ्यांत देखण्या अलंकाराचं उदाहरण म्हणून नेमकी तीच घेतली आहे. कविता चांगली आहे, नाही असं नाही; पण राणी तेव्हा गादीवर होती ना! आपल्या हैदराबादच्या कवयित्री माहलका बाई चंदाला जहागिरी होत्या, गादी नव्हती. तिला मैफलीत दाद कमवावी लागायची. तिला मिळालेल्या वाहवेवर माझा जास्त भरवसा आहे.

तुझंही आता तेच होणार. अव्वल कारकुनापासून तलाठ्यापर्यंत सगळे "मॅडम, काय लिहिता हो!" म्हणतील. एखादा सत्कारात शाल घालून कविता म्हणायला लावेल आणि दुसऱ्या दिवशी फाईल पुढे सरकवेल. तेव्हा ऑफिसात एक ओळही वाचू नकोस. टोपणनाव घे. जिथं तुझं पद कुणाला ठाऊक नाही अशा मासिकाकडे पाठव आणि साभार परत आली तर येऊ दे.

पैनगंगेच्या पुरावरची कविता अर्धी टाकून दिली आहेस, ती पुरी करून आधी मला पाठव. मला तुझ्याकडून कसलाही दाखला काढायचा नाही. शेवटचं कडवं भरतीचं वाटलं तर तसं स्पष्ट कळवीन.

तुझी,
आत्या
आदिलाबाद