दोन बादल्या, एक शौकीन

रविवारी साताऱ्यातल्या एका शौकिनाच्या ओट्यावर दोन बादल्या असतात. एकीत क्लोरीन उडून जावा म्हणून रात्रभर ठेवलेलं नळाचं पाणी, माशांच्या टाकीसाठी. दुसरी जुन्या पद्मिनी गाडीच्या आंघोळीची. टाकीतलं पाणी पाव हिस्साच बदलायचं, एकदम सगळं उपसलं तर मासे दगावू शकतात. कार्ब्युरेटरचंही तसंच: स्क्रू जरासा फिरवायचा अन् कान द्यायचा.

वेगाची हौस? स्टिअरिंगपाशी गिअर असलेल्या गाडीत ती बेताचीच.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी तर भंगारातून जीपच उभी केली. खर्च साठेक हजार, सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून! जानेवारी २०२२ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली.

साताऱ्याची पद्मिनी मात्र अदलाबदलीला नाही.