नोटीस पिरियड

३ मार्च २०२५
एनबीएफसीचं मॅन्डेट सही होऊन आलं. चीफ कम्प्लायन्स ऑफिसर (सीसीओ) शोधून द्यायचाय. फी वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश, तीन हप्त्यांत: सहीला, शॉर्टलिस्टला, जॉइनिंगला. पहिल्याचं इन्व्हॉइस लगेच पाठवलं.

५ मार्च
प्रमोटर म्हणाले, "कलेक्शन्सही बघेल असा माणूस द्या." रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०२२ चं परिपत्रक पुढे ठेवलं. सीसीओला धंद्याची जबाबदारी देता येत नाही, किमान मुदत तीन वर्षं. त्यांनी वाचलं. कागद परत सरकवला.

११ मार्च
मार्चअखेर. जो तो म्हणतो, बोनस हातात पडू दे, मग बोलू.

१३ मार्च, होळी
या जागेसाठी मनात असलेल्या मॅडमना दादरला भेटले, उडुप्याकडे. बीकेसी नको, तिथे शेजारच्या टेबलावर कुणीतरी ओळखीचं निघतंच. पंधरा वर्षांहून जास्त बँकेत, आधी ऑडिट, मग कम्प्लायन्स. कॉफी वाटीत ओतली, निवू दिली, मग विचारलं, "आधीच्या सीसीओ का गेल्या?" क्लायंटनं 'घरगुती कारण' सांगितलंय. तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही.

१७ मार्च
आधीच्या सीसीओंना फोन. बराच वेळ हवापाणी. मग: "बोर्डाला जाणारा अहवाल आधी एमडींना दाखवावा लागायचा." मुदतीच्या निम्म्यातच गेल्या. बाकीचं इथेही लिहीत नाही.

१८ मार्च
झोप नाही. क्लायंटच्या घरातली गोष्ट बाहेर न्यायची नाही, खरंच. पण खुर्ची कशी आहे हे बसणाऱ्याला कळायला नको?

२० मार्च
प्रमोटरना सरळ विचारलं. सीसीओ एमडींच्या हाताखाली असेल तर बोर्डानं किंवा समितीनं दर तिमाहीला त्यांना एकट्याला भेटायचं, एमडींना बाहेर ठेवून. नियमातच आहे. होतं का?
"कागदावर होतं."
म्हटलं, मग ऑफर लेटरमध्ये लिहून द्या. ते घड्याळाकडे बघत होते.

२५ मार्च
पहिला हप्ता अजून नाही. एचआरचा मेसेज: दुसऱ्या फर्मकडूनही नावं मागवतोय. भाडं, ऑफिसातल्या एका मुलीचा पगार, जीएसटी. उद्यमचं प्रमाणपत्र जोडून इन्व्हॉइस पुन्हा पाठवलं. ४५ दिवसांत पैसे आले नाहीत तर कलम ४३बी(एच) खाली या फीची वजावट त्यांना पैसे चुकते करेपर्यंत मिळत नाही. त्यांचा सीए जाणतो.

३० मार्च, पाडवा
फोन बंद. दुपारी चालू केला. मॅडम: 'स्वतंत्र भेटीचं लेखी देत असतील तर पुढे बोलू.'

३ एप्रिल
ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांचा स्वतःहून फोन. जुने बँकर. "लिहून देऊ. मीच भेटेन." आवाजात कंटाळा नव्हता. बरं वाटलं.
पहिला हप्ता जमा.

८ एप्रिल
ऑफर गेली, कलम आत आहे. मॅडमनी राजीनामा दिला. नव्वद दिवस.

१० एप्रिल
बँकेची काउंटर ऑफर. पगारवाढ, वरचं पद. मॅडम फोन उचलत नाहीत.

११ एप्रिल
उचलला. मुलीची बारावी आहे, ओळखीचं ऑफिस आहे, घरचे म्हणतात थांब. ऐकून घेतलं. एकच विचारलं, राजीनाम्याआधी हे पद का दिलं नाही? जोर लावला नाही. शेवटचा हप्ता अडकलेला असताना गप्प बसणं फार जड जातं. पण ढकलून बसवलेला माणूस टिकत नाही, आणि या खुर्चीवर टिकणाराच माणूस हवाय.

१५ एप्रिल
येतायत. जुलैत. तोवर दर पंधरवड्याला फोन करायचा, कामाचं काही नसलं तरी.

१६ एप्रिल
ठाण्याच्या एका सहकारी बँकेला सीईओ हवाय. रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागेल, म्हणजे वेळ जाणार. उद्या अकराला अध्यक्षांकडे. आधीचे सीईओ का गेले, हे पहिल्याच भेटीत विचारायचं.