गोंगाटातला रेडिओ : बीड जिल्ह्यासाठी हॅम सेट निवडताना

पोस्ट जरा लांब आहे. पण पावसाळा दरवर्षी येणार आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं पूर आला की पहिली बातमी पाण्याची येते आणि दुसरी 'फोन लागंना' ही. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आठवा. आष्टी तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. सिंदफणा, मांजरा, गोदावरी, तिन्ही नद्यांनी पात्र सोडलं. आमची अक्का गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या गावी दिलेली. दीड दिवस तिचा फोन बंद. घर पडलं का, माणसं उंचावर गेली का, काहीच कळंना. पुढं समजलं ते एवढंच, की गावची लाईट गेली, टॉवरची बॅटरी उतरली आणि डिझेल घेऊन जायला रस्ता नव्हता. अक्का सुखरूप होती. पण त्या दीड दिवसात आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. असं घर जिल्ह्यात माझं एकट्याचं नसणार.

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा माणूस. हॅमचा परवाना आहे, रेस्ट्रिक्टेड ग्रेडचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओ. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, पास झालात की परवाना आणि स्वतःचं कॉल साईन मिळतं. आपल्याकडं रेस्ट्रिक्टेडवाल्यांचं व्हीयू३ नं सुरू होतं, जनरलवाल्यांचं व्हीयू२ नं. राजीव गांधींचं व्हीयू२आरजी होतं. मग टॉवर नको, सिम नको, रिचार्ज नको. एक सेट, एक बॅटरी आणि एक तार.

हे खेळणं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली तेव्हा फोनच्या तारा तुटलेल्या होत्या. बाहेरून आलेल्या हॅम मंडळींनी तिथं सेट लावून निरोप पोचवले. २००४ च्या त्सुनामीत अंदमानात भारती प्रसाद यांच्या हॅम स्टेशनवरून लोकांची ख्यालीखुशाली मुख्य भूमीवर कळत होती. पोलिसांची वायरलेस असतेच, पण ती त्यांच्या कामात अडकलेली असते. 'आमची म्हातारी शाळेत आहे, तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात' हा निरोप न्यायला वेगळं माणूस लागतं.

तर पुरानंतर ठरवलं की सोबत नेता येईल असा एक चांगला सेट घ्यायचा. आणि मग खरी अडचण पुढं आली. अडचण पैशाची होतीच, पण त्याहून मोठी खरखरीची होती.

सात मेगाहर्ट्झवर, ज्याला आम्ही चाळीस मीटर बँड म्हणतो, गावात घराच्या छतावरून ऐकलं तर निव्वळ खर्र खर्र. शेजारचे तात्या म्हणाले, "ह्यो डबा निस्ता भाजी फोडणीला टाकल्यावानी करायलाय की रं!" अगदी बरोबर. आणि ही फोडणी कोण देतं? एलईडी दिव्याचा स्वस्तातला ड्रायव्हर. मोबाईलचे बिनब्रँडचे चार्जर. इन्व्हर्टर. सोलर पंपाचा कंट्रोलर. सैल जोडाचा कटआऊट. डीपीवरचा इन्सुलेटर, जो कोरड्या हवेत बारीक ठिणग्या टाकतो आणि चांगला पाऊस पडला की गप्प बसतो. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन, ते तर सेकंदा-दीड सेकंदाला घड्याळासारखं टक टक करतं. दिवसा सोलर पंपांची खरखर, ती दिवस मावळला की थांबते, तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागतात आणि दुसरी पाळी सुरू.

हा गोंगाट किती महाग पडतो त्याचा हिशेब सांगतो. सेटवर एस-मीटर असतो. त्याची एक पायरी म्हणजे ६ डेसिबल. मोकळ्या माळावर खरखर एस-३ ला असते, गावात एस-८ ला. फरक पाच पायऱ्यांचा, म्हणजे ३० डेसिबल, म्हणजे शक्तीत हजार पट. माळावर मला १० वॅटचा माणूस जेवढा स्पष्ट ऐकू येतो, तेवढाच स्पष्ट गावात ऐकायचा असेल तर त्याला १०,००० वॅट लावावे लागतील. परवाना किती वॅटचा? रेस्ट्रिक्टेडला ५०, जनरलला ४००. म्हणजे जोर लावून हा प्रश्न सुटत नाही.

आता कुणी म्हणेल, पुरात लाईटच नसते, मग खरखर कशाची? खरंय. लाईट गेली की रेडिओ असा स्वच्छ होतो की पार लांबचे लोक शेजारी बसल्यासारखे बोलतात. पण आपण सेट लावणार कुठं? मदत केंद्रात. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात. तिथं पहिलं काय येतं? जनरेटर. मग इन्व्हर्टर. मग पन्नास मोबाईल एका बोर्डावर चार्जिंगला. वर लेकरांची रडारड, भांड्यांचा आवाज, माईकवरून पुकारा. म्हणजे तारेतही गोंगाट आणि कानातही गोंगाट. सेट तिथं चालला पाहिजे. माळावर काय, कुठलाही चालतो.

या कसोटीवर मी सेट बघितले. मित्रांचे मागून आणले, गावात, शेतात आणि एका शाळेच्या वर्गात लावून बघितले.

हातात मावणारे स्वस्त हँडी सेट. जवळच्या कामाला बरे, पण १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ रेषेत जातात. आपल्याकडं मधी बालाघाटाच्या रांगा. रिपीटर नसेल तर डोंगराखालचा माणूस डोंगरावरल्या पलीकडच्याला भेटत नाही. शिवाय या सेटमध्ये सगळा रिसीव्हर एका चिपवर असतो, त्याच्या तोंडाला गाळणी कमी. जवळ एफएमचा किंवा मोबाईलचा टॉवर असला की तो बहिरा होतो. आणि एक लक्षात ठेवा, हे सेट ऑनलाईन सहज मिळतात म्हणून कायदेशीर होत नाहीत. वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ऑनलाईन विक्रेत्यांवर बडगा उगारलाय. आधी परवाना, मग सेट.

यासूचा एफटी-८१८. लहान, दणकट, ६ वॅट, सगळे बँड. नॉईज ब्लँकर आहे, पण डिजिटल गाळणी नाही. झटका मशीनची टकटक तो चांगली कापतो. इन्व्हर्टरची सलग खरखर मात्र तशीच राहते. आता तो नवा बनत नाही, जुना हुडकावा लागतो.

आयकॉमचा आयसी-७०५. २०२० मध्ये आला. बाहेरची बॅटरी लावली तर १० वॅट. डिजिटल गाळणी, नॉच, आणि पडद्यावर अख्खा बँड दिसतो. ही पडद्याची गोष्ट गोंगाटात फार मोलाची. खरखर कुठं दाट आहे, कुठं मोकळी फट आहे, डोळ्यानं दिसतं. त्या फटीत जाऊन बोलायचं. पण किंमत लाखाच्या घरात. पुराच्या चिखलात लाखाची वस्तू नेताना माणसाचा हात थरथरतो.

झिगूचा जी-९०. २० वॅट, पडदा आहे, अँटेना जुळवायचा ट्यूनर आतच आहे. फक्त शॉर्टवेव्हचे बँड, व्हीएचएफ नाही. किंमत वरच्यापेक्षा बरीच कमी.

आणि आपला बिटएक्स. हैदराबादच्या अशर फरहान यांनी तयार केलेलं डिझाईन, आता जगभर लोक तो बनवतात. शिकायला याच्यासारखा गुरू नाही. दुरुस्तीही आपल्या हातची, वर्कशॉपातल्या सोल्डरगननं होते. पण मूळ डिझाईनमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करणारी व्यवस्था नाही, ब्लँकरही नाही. शाळेतल्या गोंगाटात तासन्‌तास कान लावून बसायचं असेल तर नव्या माणसाला जड जातं.

मी जी-९० घेतला. एकट्या सेटच्या गुणांवर निवडला असता तर ७०५ घेतला असता. पण वाचलेल्या पैशात १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी, चांगली केबल, फेराईटच्या कड्या आणि हेडफोन आला. गोंगाटाच्या जागी या चार वस्तू सेटच्या बरोबरीचं काम करतात. कसं ते सांगतो.

एक, बॅटरी. सेट जनरेटरच्या किंवा इन्व्हर्टरच्या लाईनवर लावायचाच नाही. निम्मी खरखर वायरीतूनच आत येते. नुसतं ऐकायला असा सेट तासाला साधारण अर्धा अँपिअर खातो, २० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर बोलणं धरूनही दिवस निघतो. १०० वॅटचा सेट बोलताना २० च्या वर अँपिअर ओढतो. तेवढी बॅटरी पाठीवर घेऊन पाण्यातून चालून दाखवा.

दोन, तार. सेटवर उभी काठी लावण्यापेक्षा आडवी तार बरी. उभी काठी आसपासची खरखर जास्त गोळा करते. सात मेगाहर्ट्झला दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, मधी केबल. उंच खांब लागत नाही. चार-पाच मीटरवर लिंबाच्या फांदीला बांधली तरी लहर सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून परत खाली येते, पावसाच्या सरीसारखी सगळीकडं. दिवसा तीन-चारशे किलोमीटरचा टापू झाकला जातो. बालाघाट मधी आला तरी फरक पडत नाही, कारण लहर डोंगरावरून उडून जाते.

तीन, फेराईटच्या कड्या. केबल कडीतून आठ-दहा वेढे घेऊन काढायची. केबलच्या बाहेरच्या अंगावरून चढणारी खरखर तिथं अडते.

चार, जागा. खिशात जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर ठेवा. परभणी आकाशवाणीच्या बाजूला रिकाम्या जागी काटा लावा आणि शाळेभोवती चक्कर मारा. जिथं खरखर वाढते तिथं चोर आहे. ट्रान्झिस्टर आडवा फिरवला की एका दिशेला आवाज पडतो, त्यावरून चोराची बाजूही कळते. पन्नास-शंभर पावलं लांब, मैदानाच्या कडेला तार बांधा. केबल लांब लागली तरी चालेल.

पाच, सेटचं आरएफ गेन कमी करा आणि हेडफोन घाला. नवे लोक उलटं करतात, ऐकू येईना म्हणून सगळं फुल करतात. त्यानं खरखरच मोठी होते.

एवढं केल्यावर त्याच शाळेत, जनरेटर चालू असताना, एस-८ ची खरखर एस-५ वर आली. तीन पायऱ्या, म्हणजे १८ डेसिबल, शक्तीत साठेक पट. बाजारात कुठलाही महागातला सेट घेतला तरी एकट्याच्या जिवावर हे झालं नसतं.

आता सार्वजनिक मुद्दा, ज्यासाठी हे लिहिलं.

पहिला. आपण हवा आणि पाणी खराब झालं की बोलतो. रेडिओच्या लहरीही सगळ्यांच्या मालकीच्या आहेत, आणि त्या आपण शंभर-दोनशे रुपये वाचवायला घाण करतोय. दिव्यांनी किती खरखर करावी याला मर्यादा घालणारं सीआयएसपीआर-१५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका दिव्यांची निविदा काढते तेव्हा वॅट आणि वॉरंटी लिहिते, तशी ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे? सोलर कंट्रोलरलाही तेच. सोलर पंप हवेतच, रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याचे हाल त्यानं थांबलेत. फक्त यंत्र नीट गाळणी लावलेलं असावं.

दुसरा. बीड जिल्ह्यात ११ तालुके. प्रत्येक तालुक्यात दोन परवानाधारक आणि एक बॅटरीवरचा सेट, एवढंच मागणं आहे. बारा वर्षांवरील कुणालाही परीक्षा देता येते, रेस्ट्रिक्टेडला मोर्सची अट नाही. आयटीआयची पोरं, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक, दुरुस्तीवाले, यांच्यातून बावीस माणसं निघणार नाहीत का? जिल्हा आपत्ती आराखड्यात बोटी, दोर, पोहणारे यांची यादी असते. त्या यादीत या बावीस जणांची नावं यावीत, आणि मे महिन्यात एकदा मोबाईल बंद ठेवून रंगीत तालीम व्हावी. पूर आल्यावर परवाना काढता येत नाही.

तिसरा, तुमच्यासाठी. आज संध्याकाळी घरातला जुना ट्रान्झिस्टर काढा, सेल टाका आणि मीडियम वेव्हवर लावून घरातला एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करत जा. कशानं खरखर थांबते ते खाली कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट. पन्नास गावांची अशी यादी झाली तर ती घेऊन मी स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. परीक्षेची तयारी करायची असेल त्यांनीही लिहा. रविवारी दुकान बंद असतं, शिकवायला माझ्याकडं वेळ आहे.