चार आण्यांची अट

भेटवस्तूवरची किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढणे हे आमच्या घरी माझे काम आहे. डिसेंबर उजाडला की मुले-सुना दुकानांतून काय काय घेऊन येतात आणि ‘बाबा, एवढे जरा काढून ठेवा,’ असे सांगून आपापल्या कामाला जातात. मी खिडकीशी बसतो. चिठ्ठी सरळ निघत नाही; अर्धी येते, अर्धी चिकटून राहते. मग गोडेतेलाचे बोट लावायचे, थोडा वेळ थांबायचे, पुन्हा नख चालवायचे. या उद्योगात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. किंमत आपल्याला लपवायची तर असते, पण वस्तू हलकी नव्हे हे घेणाऱ्याला कळावे, असेही मनातून वाटत असते. म्हणून चिठ्ठी काढायची आणि दुकानाच्या नावाची पिशवी तेवढी तशीच द्यायची!

घरी केलेल्या वस्तूला खरवडून काढण्यासारखे काही नसते. तिला किंमतच नसते. आणि जिला किंमत नाही ती वस्तू देताना हात कचरतो. हा कचरलेला हात मी चांगला ओळखतो. तो माझाच होता.

दिवाळी अंकात नाताळची गोष्ट सांगतो आहे, म्हणून वाचकांनी रागावू नये. नगर जिल्ह्यातल्या आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांच्या घरी या दोन सणांत अंतर असे ते पंचांगापुरते. करंज्या त्याच, शंकरपाळे तेच, चकल्या मोडायच्या त्याही तशाच. अमेरिकन मिशनची मंडळी १८३१ साली नगरला आली. त्यांनी आमच्या पूर्वजांना पुष्कळ काही शिकवले, पण करंजीची मुरड काही बदलली नाही. दिवाळीत शेजारून फराळाचे ताट यायचे आणि नाताळात आमचे ताट शेजारी जायचे. कार्तिकात शेजाऱ्यांनी उतरवून ठेवलेला आकाशकंदील आम्ही मागून आणायचो. त्याच्या कामट्या सोडवायच्या, चांदणीच्या आकारात पुन्हा बांधायच्या आणि वर नवा पतंगी कागद डकवायचा, की झाला आमचा नाताळचा तारा.

मी सांगतो आहे तो नाताळ १९७२ चा. वडील पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आधीची दोन वर्षे पावसाची बेताचीच गेली होती आणि त्या वर्षी तर त्याने पाठच फिरवली. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे. आणि घराघरांतून परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी होत. आमच्याकडे पगार होता, म्हणून आम्ही सुखी म्हणायचे. पण त्यातला निम्मा पगार गावी चुलत्यांकडे जाई, कारण त्यांच्या शेतात ढेकळांखेरीज काही उरले नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वडिलांनी रात्री जेवणे झाल्यावर आम्हाला कंदिलाभोवती बसवले. ते म्हणाले, “यंदा कुणी कुणासाठी काही विकत आणायचे नाही. पाच चिठ्ठ्या करू. ज्याच्या हाती ज्याचे नाव येईल, त्याने त्याच्यासाठी हाताने काही तरी करायचे. लागलेच तर चार आणे खर्च करायचे. त्याच्यावर एक पैसाही नाही.” आणि त्यांनी आम्हा प्रत्येकाच्या हातावर चार-चार आणे ठेवले. आजीने आपले चार आणे तिथल्या तिथे कनवटीला लावले आणि ती म्हणाली, “मला नाही लागायचे.”

माझ्या चिठ्ठीत आईचे नाव निघाले.

मी दहा वर्षांचा होतो. आईला काय हवे असेल, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर तोवर आलीच नव्हती. मला काय हवे ते आईला ठाऊक असे. व्यवहार एवढाच आणि एकाच बाजूने चालला होता. आईला काय आवडते? मी पुष्कळ डोके खाजवले. ती भाकरीचा कोणता तुकडा खाते, हेही मला सांगता आले नसते. शेवटी मी तिच्यावर नजर ठेवायचे ठरवले. अभ्यासाचे पुस्तक पुढे धरून मी दोन-तीन दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून काढले.

आणि मला रांजण दिसला. म्हणजे तो जन्मापासून तिथेच होता. पण मला दिसला तेव्हा. आमच्याकडे पाण्यासाठी एक पितळी ओगराळे होते, लांब दांड्याचे. ते पावसाळा संपता संपता मोडीत गेले होते आणि त्याची ज्वारी आली होती. तेव्हापासून आई तांब्याने पाणी काढी. रांजण भरलेला असता तर गोष्ट वेगळी. पण पाणी दीड मैलावरून यायचे आणि रांजणाच्या तळाशी हातभर असायचे. प्रत्येक तांब्यासाठी आई कमरेतून वाकून खांद्यापर्यंत आत जाई आणि वर येताना एक हात कमरेवर ठेवी. भात शिजवताना, भांडी विसळताना, आम्हाला प्यायला देताना. एका सकाळी मी मोजले, तर ती एकवीस वेळा वाकली.

दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा मी रांजणात काठी उभी केली आणि तळापासून काठापर्यंतच्या उंचीची खूण करून घेतली.

करवंटी मिळाली ती मारुतीच्या देवळातल्या गुरवमामांकडून. ख्रिस्ती मास्तराच्या पोराला नारळाची करवंटी कशाला हवी, हे त्यांनी विचारले नाही, दोन दिल्या. हे बरेच झाले, कारण पहिलीला भोक पाडताना ती तडकली. करवंटीला खिळा ठोकायचा नसतो. सळई चुलीत लाल करायची आणि हलके हलके टेकवत जाळत जायचे. काठाशी शेजारी शेजारी अशी दोन भोके मी पाडली. बाहेरच्या शेंड्या फुटक्या काचेने तासल्या. आठवड्याच्या बाजारात बुरुडाने टाकून दिलेली वेळूची काठी आणली, तिचे टोक एका बाजूने चपटे केले, करवंटीला लावून भोकांतून तार ओवली आणि पकडीने पिळली. आजीच्या केसांच्या तेलाचे बोट फिरवले तेव्हा करवंटी काळीभोर चमकली. खर्च काही नाही. चार आणे खिशात तसेच होते.

घरात सगळीकडे असेच चोरटे उद्योग चालले होते. वडील रात्री शाळेतले पाठकोरे कागद जुळवून ताईसाठी वही शिवत होते. खळीत चिमूटभर मोरचूद घातले म्हणजे वहीला झुरळ लागत नाही, हे मी तेव्हा शिकलो. ताई आजीसाठी बोरूने तेविसावे स्तोत्र लिहीत होती. एकेक अक्षर बोटाच्या पेराएवढे, कारण आजीला पुस्तकातले बारीक अक्षर दिसेनासे झाले होते. आजी माझ्यासाठी चिंध्यांचा चेंडू वळून त्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवत होती. आणि आई वडिलांच्या सदऱ्याची विरलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा बसवत होती. सुरूची फांदी कुठली मिळायला? वडिलांनी वाळलेली बाभळीची फांदी आणून कोपऱ्यात उभी केली. तिची एक सोय होती: काहीही अडकवायचे तर दोरा लागत नसे, काट्यांना आयते अडकवता येई.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी पुण्याहून एस. टी.ने मामा आला. त्याने आईसाठी गुलाबी प्लॅस्टिकची फणी आणि तसलाच आरसा आणला होता, वर चकचकीत कागद. आईने कागद न फाडता सोडवला, आरशात पाहिले आणि ती हसली. बस, एवढेच झाले. पण माझ्या पोटात खड्डा पडला. रात्री मी माझी वस्तू बाहेर काढून पाहिली. दुपारपर्यंत जी मला ओगराळे वाटत होती, ती आता भिकाऱ्याच्या हातातली करवंटी दिसू लागली. मी ती सरपणाच्या ढिगात खोल खुपसून ठेवली. सकाळी उपासनेआधी दुकानदाराला हाक मारून उठवले आणि चार आण्यांचा आकड्यांचा पुडा आणला.

आईने पुडा घेतला. “छान आहेत,” म्हणाली. दोन आकडे तिने तिथेच अंबाड्यात खोवले आणि तशीच उपासनेला आली. हाताने करण्याची अट मी मोडली होती, हे सगळ्यांना दिसत होते. पण वडील काही बोलले नाहीत. ताईने मात्र माझ्याकडे असे पाहिले, की ते मला अजून आठवते.

नाताळाच्या मौजेचे कार्ड पहिल्यांदा लंडनमध्ये १८४३ साली छापले गेले. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना एवढ्या लोकांना हाताने पत्रे लिहायला सवड नव्हती. म्हणून त्यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजार प्रती काढल्या. एकेक प्रत एका शिलिंगाला विकली गेली. मी हे पुढे केव्हा तरी वाचले तेव्हा मला त्या गृहस्थांबद्दल जवळीक वाटली. सवड नसली की माणूस पैसे देतो. माझ्याजवळ तर सवड होती. मी ती खर्चही केली होती. नव्हते ते धैर्य.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुटी असल्याने मी उशिरा उठलो. पाणी प्यायला गेलो तर रांजणावरच्या खुंटीला माझे ओगराळे टांगलेले! सरपण काढताना आईच्या हाती ते लागले असणार. मी तिथल्या तिथे मागे वळलो. पण आईने पाहिले होते. ती चुलीपाशी बसली होती. भाकरी थापता थापताच तिने विचारले,

“रांजण कधी मोजलास रे?”

मी गप्प.

“दांडा बरोबर तळाला टेकतो. वाकावे लागत नाही.”

मी म्हणालो, “मामाने आणले तसे नाही ते.”

आईचे हात थांबले. “अरे, मामाला फणी दुकानात मिळाली. माझी कंबर दुखते हे दुकानदाराला काय ठाऊक? मी तर तुझ्या बाबांनाही बोलले नव्हते.”

एवढे बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. विषय संपला. आकडेही तिने टाकले नाहीत, पुढे कित्येक वर्षे वापरले. तेही मुलाने दिले होते ना! पण त्या दिवशी मला एक कळले, ते आजवर पुसले गेले नाही. मी आईला दिले होते ते करवंटीचे ओगराळे नव्हते. तीन दिवस मी तिच्याकडे पाहत बसलो होतो. पोचले ते तेवढे. वस्तू ही त्या पाहण्याची नुसती खूण. आणि ती खूणच मी लाजेने सरपणात पुरायला निघालो होतो.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. विहिरींना पाणी आले, रांजण काठोकाठ भरू लागला. आता तो लांब दांडा अडचणीचा झाला. पाणी काढताना तो पार छपराच्या वाशाला लागे. वडील एकदा म्हणाले, “आण, हातभर तोडून देतो.”

“राहू द्या,” आई म्हणाली. “पाण्याचे काय सांगता येते?”

दांडा तिने शेवटपर्यंत तोडू दिला नाही.