वांझ वेल

जुन्नरकडे जाणारी माणसे शिवनेरीसाठी जातात, नाही तर नाणेघाटासाठी. मी गेलो तो एका कंदासाठी! कारण आमच्या पुण्याच्या परसातला दोन पावसाळ्यांचा गृहकलह त्यावाचून मिटणार नव्हता.

करटोली आमच्या घरी साऱ्यांच्याच आवडीची. जुन्नरच्या एका स्नेह्यांनी चार कंद दिले, ते मी कुंपणाशी लावले. पहिल्या पावसाबरोबर वेली तरारल्या. त्यांतल्या एकीला इतरांच्या आधी फुले आली आणि सारी गळून गेली. फळ एकही नाही. वैद्यकाच्या पुस्तकातली 'वंध्या कर्कोटकी' मला आठवली. "ही वांझ आहे," असे म्हणून मी ती कंदासकट उपटली. सौ. नको नको म्हणत होती. पुढे उरलेल्या तिघींवर फुलाखाली इवले काटेरी फळ दिसे, पिवळे पडे आणि गळे. दुसऱ्या वर्षीही तेच. सौ. काही बोलली नाही, याचाच जाच अधिक!

स्नेही म्हणाले, कंद घोडेगावच्या बाजारातले, तिथेच विचारा. आंबेगाव तालुक्याचा कारभार या घोडेगावातून चालतो. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव तेवढे राहिले. बाजाराच्या दिवशी एसटीने गेलो. पाऊस भुरभुरत होता. डोंगरातून आलेल्या बाया पानांवर रानभाज्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. करटोल्यांच्या वाट्यामागे बसलेल्या एका वृद्ध बाईंना मी माझी कर्मकथा सांगितली.

"ती वांझ हाय म्हून उपटली व्हय?" त्या हसू लागल्या. "आरं बाबा, ती नव्हं, त्यो! नर व्हता त्यो. बाप्यालाच हाकलून दिलास, आता पोरं कुठली?"

शेजारच्या बायाही खदखदल्या. मी भर बाजारात लाजलो.

मग मावशींनी ओळख शिकवली. मादीच्या फुलाखाली जन्मतःच काटेरी गोळी असते. नराच्या फुलाखाली नुसता देठ आणि त्यावर हिरवे टोपरे. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. किवीच्या वेलींचेही असेच. १९०४ साली इसाबेल फ्रेझर या शिक्षिकेने चीनमधून न्यूझीलंडला तिचे बी नेले. त्यांतून नर आणि माद्या दोन्ही उगवल्या, म्हणून तिकडे बागा झाल्या. तिथे माझ्यासारखा कोणी उपटणारा नव्हता, एवढेच!

पुढच्या बाजारी मावशींनी नराचा कंद आणून दिला. पैसे घेईनात, शेवटी चार वाटे करटोली विकत घेतली.

करटोलीची फुले तिन्हीसांजेला उमलतात. नराचे फूल खुडून मादीच्या फुलावर अलगद टेकवायचे, असे मावशींनी सांगितले होते. परागाची वाट पाहत पतंगांवर विसंबायला शहरात धीर होत नाही. सौ. कंदील धरून उभी राहिली, मी फुले टेकवीत गेलो. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अकरा करटोली निघाली. भाजी वाढताना सौ. म्हणाली, "वांझ म्हणायची घाई मात्र तुम्हां पुरुषांनाच फार!"

मी मुकाट्याने आणखी एक पोळी मागितली.