येझदीची झाकणं

जबलपूरच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडखाली बाबांची येझदी उभी असते. 1981 साली घेतलेली, 250 सीसीची. गेले दोन पावसाळे ती कुणी बाहेर काढली नाही. बाबांच्या गुडघ्यांना आता किक झेपत नाही आणि मी नोकरीपायी पुण्यात. या दिवाळीत घरी गेल्यावर तिच्यावरची चादर काढली, तर इंजिनाच्या दोन्ही झाकणांवर बुरशीसारखे पांढरे डाग चढलेले.

माझ्या लहानपणी ही झाकणं आरशासारखी असायची. रविवारी सकाळी बाबा पाटावर बसून, जुन्या बनियनच्या चिंधीला ब्रासो लावून ती घासायचे. आधी चिंधी काळी व्हायची, मग झाकणात हळूहळू आमची तोंडं दिसायला लागायची. तो सगळा उद्योग आता कोण करणार? मी ठरवलं, एकदाच काय तो कायमचा बंदोबस्त करायचा.

बाबांना विचारलं नाही. खरं तर विचारायला त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. 1974 ते 2010 अशी छत्तीस वर्षं त्यांनी इथल्या व्हेइकल फॅक्टरीच्या पेंट शॉपमध्ये काढली. शक्तिमान ट्रक, जोंगा, सगळ्यांवर लष्करी हिरवा रंग चढताना त्यांनी पाहिला. पण विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच कामाला हात घातला असता, आणि ते मला नको होतं.

मग मी चार ठिकाणी हिंडलो. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो, पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचं कवच होतो. चिखल, मीठ आणि ओल साचून राहिली की ते कवच फुटतं आणि पांढरी भुकटी येते. त्यावर उपाय बरेच, आणि प्रत्येकात एक मेख. क्रोम करायचं तर खाली जस्त, तांबं, निकेल असे थर नीट बसायला हवेत. एक कच्चा राहिला तरी क्रोमचे पोपडे निघतात. अ‍ॅनोडायझिंगमध्ये तेच नैसर्गिक कवच आम्लात वीज सोडून जाड करतात, पण ओतीव झाकणांच्या मिश्रधातूत सिलिकॉन असतो, त्यामुळे रंग करडा, डागाळ येतो. पारदर्शक लॅकर छान दिसतं, पण एक खडा उडून टवका गेला की पाणी त्याखाली शिरतं आणि किडीने पान पोखरावं तशा पांढऱ्या रेघा धावतात. डब्यातला ‘हाय हीट’ रंग घ्यावा, तर तो पक्का व्हायला साधारण दोनशे अंशांची भट्टी लागते. इंजिनाची बाजूची झाकणं तेवढी कधी तापत नाहीत. मग तो रंग कच्चाच राहतो आणि पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो.

उरलं पावडर कोटिंग. कोरडी पावडर विजेच्या भाराने धातूला चिकटवायची आणि भट्टीत वितळवून पक्की करायची. एका वर्कशॉपमधला कारागीर म्हणाला, “भैया, दस साल देखना नहीं पड़ेगा।” मला हेच ऐकायचं होतं. नमुना म्हणून उजव्या बाजूचं झाकण दिलं.

तिसऱ्या दिवशी ते काळंभोर होऊन आलं. लांबून सुरेख. जवळून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि बारीक फोड, सगळीकडे.

आता बाबांना दाखवण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी चष्मा काढला, झाकण डोळ्यांजवळ नेलं, अंगठा फिरवला.

“आधी नुसतं भाजून घेतलं नाही वाटतं.”

“म्हणजे?”

“अरे, ओतीव माल स्पंजसारखा असतो. चाळीस वर्षं तेल प्यायलंय हे. भट्टीत गेलं की तेलाची वाफ होणार आणि वरचा थर फोडून बाहेर येणार. आधी रिकामं भाजायचं, पुसायचं, मग पावडर. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने म्हटलं, “मग डावं झाकण तसं करून घेऊ?”

डावं झाकण त्यांनी मांडीवर घेतलं होतं. येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर, तोही डाव्या बाजूला. त्यांच्या बुटाने तिथला धातू घासून घासून रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली आहे. तिच्यावर मात्र एकही पांढरा डाग नव्हता.

“बाबा, तुम्ही आयुष्यभर रंगात काम केलंत. घरच्या गाडीला का नाही लावला?”

“फॅक्टरीतली गाडी गेटबाहेर पडली की मला परत कधी दिसायची नाही. राजस्थानात जाईल, लडाखला जाईल. तिथे तिच्याकडे कोण बघेल, ठाऊक नाही. म्हणून रंग असा द्यायचा की कुणाच्या भरवशावर राहायला नको. ही तर दारात उभी. हिला रंग कशाला? मी होतो ना.”

ते सहज बोलून गेले. मी मात्र ‘दस साल देखना नहीं पड़ेगा’वर अडकलो. मला टिकाऊ रंग हवा होता तो झाकणांसाठी, की न येण्याची सोय म्हणून?

पुढचे तीन दिवस आम्ही तेच काम केलं. पावडरचा थर कॉस्टिकने काढू म्हटलं तर बाबांनी थांबवलं. कॉस्टिक सोडा रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातो. वाळूचा मारा केला तर कडा बोथट होतात. शेवटी पेंट रिमूव्हर लावून, लाकडी पट्टीने खरवडून तो उतरवला. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी चारशे नंबर, मग आठशे, मग बाराशे. मग ब्रासो. बाबा खुर्चीत बसून प्रत्येक टप्प्यावर अंगठा फिरवायचे आणि “अजून” म्हणायचे. डाव्या झाकणावरची बुटाची जागा मी कागद न लावता सोडून दिली. त्यांनी ते पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

शेवटी गाडीचं मेणाचं पॉलिश पातळ लावून कोरड्या कपड्याने पुसलं. झाकणं चढवली. उन्हात गाडी उभी केली तेव्हा आई आतून येऊन म्हणाली, “अगदी नवी दिसते की.” नवी नव्हतीच. जवळून पाहिलं तर उजव्या झाकणावर माझ्या हाताचे ओरखडे आहेत, आणि एका कोपऱ्यात काळ्या पावडरीचा ठिपका राहून गेलाय.

“हे मेण किती दिवस टिकेल?” बाबांनी विचारलं.

“छपराखाली आहे. चारेक महिने जाईल.”

त्यांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे होळी.”

पुण्याला परतल्यावर पहिलं काम केलं ते होळीचं तिकीट काढायचं. ब्रासोचा डबा शेडमध्येच ठेवलाय, पाटाशेजारी.