भिंतीपासून चार बोटं

आमच्या वाईच्या घरात, माडीवर कुणाच्या हातून बेसनाचा लाडू निसटला तर तो शोधावा लागत नाही. तो ईशान्येच्या कोपऱ्यात सापडतो. पेन, बाटलीचं झाकण, शर्टाचं बटण, सगळ्यांचा शेवटचा मुक्काम तिथेच. लहानपणी सुट्टीला आलो की आम्ही भावंडं माडीवर गोट्यांची शर्यत लावायचो. गोटी ढकलायची सुद्धा गरज नसायची, नुसती सोडायची.

एकतिसाव्या वर्षी त्याच माडीवर मी कपाट उभं करायला गेले, तेव्हा हा उतार काय चीज आहे ते कळलं. कपाटाची दारं आपोआप उघडायची. रात्री दोन वाजता कर्र आवाज करत दार उघडणारं कपाट आणि त्यात लटकणारा पांढरा कुर्ता! पहिला आठवडा मी दिवा लावून झोपले.

२०२१च्या सुरुवातीला मी आणि आई-बाबा पुण्याचा भाड्याचा फ्लॅट सोडून इथे आलो. माझं ऑफिस घरूनच चालू होतं, बाबा निवृत्त झाले होते आणि आजी गेल्यापासून वाडा बंद होता. ठाण्याचे काका म्हणत होते, बिल्डरला देऊन टाकू, दोघांना एकेक फ्लॅट येईल. त्यांचं काही चूक नव्हतं. बंद घराची दुरुस्ती लांबून करत राहणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. बाबांचा जीव मात्र घरात अडकलेला. शेवटी काका म्हणाले, "दोन वर्षं राहून दाखवा. मग बोलू."

तर हे घर. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या दीड-दीड हात जाड भिंती, सागवानी खांब, वर कडीपाट, मधोमध चौक. सोप्याच्या तुळईवर शके १८०९ असं कोरलंय, म्हणजे साधारण १८८७. इथून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथे लोक बघायला येतात, 'स्वदेस'चं शूटिंगही तिथल्या घाटावर झालं. आमच्या वाड्यात कुणी नाना राहिला नाही. भिक्षुकी, थोडी शेती आणि नंतर मास्तरकी करणाऱ्या माणसांचं हे घर. ते पडलं तर बातमी होणार नाही.

मी आले ती डोक्यात एक चित्र घेऊन. इन्स्टाग्रामवर असतात तशी पितळी भांडी, खांबाला टेकून ठेवलेली आरामखुर्ची, चौकात तुळस, सकाळचं तिरपं ऊन. पहिल्याच महिन्यात मी ऑनलाइन सोफा मागवला. दिंडी दरवाजातून तो आत आलाच नाही. डिलिव्हरीवाल्या पोरांनी आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, मग चहा प्यायला आणि सोफा परत घेऊन गेले. माडीचा जिना तर भिंतीच्या पोटातून जातो. रुंदी बावीस इंच. डबल बेडची पाठ त्यातून नेणं म्हणजे सुईतून दोरखंड ओवणं. त्या जिन्यातून वर गेलेली प्रत्येक वस्तू सुटी होऊनच गेलेली आहे.

कपाटाच्या दारासाठी एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्यांनी खिशातून गोटीच काढली! ती जमिनीवर सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, जमीन सरळ करायच्या मागं लागू नका. तुळई वाकलीय, पण आता बसलीय. वरून कोबा ओतून लेव्हल केली तर ते सगळं वजन तिच्यावरच येणार." त्यांनी कपाटाच्या दोन पायांखाली पाचरी ठोकल्या. मग कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. "मागून वारा खेळला पाहिजे. मातीची भिंत आहे. चिकटून ठेवलं तर बुरशी धरेल."

त्या दिवशी त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही इंटेरियरच्या व्हिडिओत मिळालं नसतं. मातीच्या भिंतीत ड्रिल मारायचं नाही, खिळ्यासोबत पोपडा बाहेर येतो. जड काही टांगायचं तर कडीला टांगायचं. आरसा, घड्याळ, बॅग या सगळ्याला खांबांवरच्या लाकडी खुंट्या आहेत की! पुस्तकांना कोनाडे आहेत, भांड्यांना फडताळ आहे. ज्यांनी हे घर बांधलं त्यांनी निम्मं फर्निचर भिंतीतच करून ठेवलं होतं. मीच पुण्याच्या फ्लॅटचं सामान घेऊन त्याच्याशी भांडत होते.

मग पावसाळा आला आणि खरी परीक्षा सुरू झाली. माजघराची भिंत छातीपर्यंत ओली झाली. १९९४ साली बाबांनीच तिला कमरेइतकं सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं, कारण तेव्हाही ओल होती आणि सिमेंट म्हणजे पक्कं काम अशी सगळ्यांची खात्री होती. आता त्या प्लास्टरच्या वर ओलीची नवी रेघ उमटली होती. गवंडीमामांनी छिन्नी लावली तशी लादीसारखी अख्खी खपली सुटून आली. मागची माती भिजवलेल्या कणकेसारखी झाली होती. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी भिंतीतून बाहेर पडून सुकायची. सिमेंटनं तिची वाट अडवली, म्हणून ती वर चढत गेली. आतल्या आत भिंत विरघळत होती आणि बाहेरून आम्ही दर दिवाळीला तिला रंग देत होतो.

बाबा त्या खपलीकडे बघत राहिले. "मी घर वाचवायला केलं होतं गं," एवढंच म्हणाले.

पावसाळा संपल्यावर सगळं सिमेंट काढलं. भिंत दोन महिने उघडी ठेवून सुकवली. मग माती आणि भुश्शाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात. कळीचा चुना परसात खड्डा करून तीन आठवडे विरवत ठेवला होता. मामांनी त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलं. मी प्रत्येक पायरीचं शूटिंग केलं. रील खूप चाललं. त्यानंतरचं, कोनाड्यात पितळी समई लावून केलेलं, त्याहून जास्त चाललं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'अशा घरात राहायला भाग्य लागतं.'

मी ते आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्या कोनाड्यात आम्ही चिमणी ठेवायचो. लाइट गेले की. काजळी पुसून पुसून माझी बोटं काळी व्हायची."

मग जरा थांबून म्हणाली, "तुला हे घर आवडतं, कारण तू इथे सुट्टीला यायचीस."

मी काय बोलणार? आई लग्न होऊन या घरात आली आणि बाबांची बदली होईपर्यंत नऊ वर्षं इथे राहिली. संडास परसाच्या टोकाला. रात्री जायचं तर चौक ओलांडा, मागचं दार उघडा, पावसात छत्री आणि हातात कंदील. माझ्या वेळी आठवा महिना असताना ती त्या पायरीवरून घसरली होती. हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. स्वयंपाकघराला खिडकी नाही. धूर वरच्या धुराड्यातून जाईल तेवढा जायचा, बाकीचा बायकांच्या डोळ्यांत. सोप्यात मात्र पाच खणांना सहा खिडक्या. पुरुष बसायचे तिथे वारा, बायका राबायच्या तिथे अंधार.

तोवर मी 'जुन्या घराच्या उणिवांसह राहणं' हे मोठं शहाणपण समजत होते. त्या रात्री मी मनातल्या मनात उणिवांचे दोन ढीग केले. तिरपी जमीन, दारातून जाताना वाकावं लागणं, करकरणारा जिना हा एक ढीग. यांचा त्रास सगळ्यांना सारखा, त्यांच्याशी जुळवून घेता येतं. दुसऱ्या ढिगात त्या उणिवा, ज्या दीडशे वर्षं टिकल्या त्याचं कारण एवढंच की त्या सोसणाऱ्यांना घरात कुणी विचारलं नाही. त्यांना वारसा म्हणून जपायचं काय कारण?

माझी एक आर्किटेक्ट मैत्रीण म्हणाली, "मूळ भिंत फोडू नकोस." पण या घरात मूळ काय आहे? तुळईवरचं साल १८८७चं, पण आधी छपरावर नळीची कौलं होती, असं आजी सांगायची. मंगलोरी कौलं नंतर कधीतरी आली. त्या कौलांचा पहिला कारखानाच मंगळूरला बासेल मिशननं १८६५मध्ये काढलेला. म्हणजे आज आपण ज्याला जुनं घर म्हणतो त्याचं लाल छप्पर एके काळी नवी फॅशन होती. शेणानं सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली, चिमणीच्या जागी वीज आली. प्रत्येक पिढीनं आपल्या सोयीचं काहीतरी केलंच. फक्त स्वयंपाकघरापर्यंत कुणाची पाळी आली नव्हती.

गवंडीमामांनी भिंत ठोकून ठोकून आतले दोन खांब शोधले. छपराचं वजन खांब आणि तुळया घेतात, मधली माती नुसती पडद्यासारखी असते. म्हणून खांब आणि तुळई न दुखावता मधे खिडकी काढता येते. तीन फूट बाय चार फूट. चार दिवस माती निघत होती, तिच्यात खापराचे तुकडे आणि गवताच्या काड्या. वर टाकायला सागवानी दांडा मिळाला तो जुन्या बाजारातून, कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याचा. त्याच्या एका टोकाला हळदीची पाच बोटं अजून दिसत होती. मामा ते टोक भिंतीत घालायला निघाले होते. आई म्हणाली, "उलटं करा. बोटं आतल्या बाजूला, दिसतील अशी राहू देत."

न्हाणीघर आणि संडास मागच्या ओसरीवर केलं, माजघरातून चार पावलांवर. जुन्या भिंतीला टेकून नाही. स्वतंत्र जोतं, मधे वीतभर फट, नळ सगळे उघड्यावर. मातीच्या घराला वरून गळणारं छप्पर आणि आत फुटलेला नळ या दोनच गोष्टी खऱ्या मारतात. ते उघडे पाइप दिसायला वाईट दिसतात. ते माझ्या एकाही रीलमध्ये नाहीत.

सगळं छान झालं असं समजू नका. माझी बचत जवळजवळ संपली. वायफाय दीड हाताच्या भिंतीतून जात नाही, म्हणून चौकातून केबल ओढलीय आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. माकडं कौलं फोडतात. दर मे महिन्यात शाकारणी करावीच लागते आणि कौलं परतायला माणूस मिळेपर्यंत वळीव येऊन ठेपतो. एका खांबाखाली, तळखड्याजवळ, पिवळा भुगा दिसला. त्या खांबाला औषध पाजलंय, पण दर आठवड्याला मी वाकून बघते. बिल्डरचा माणूस वर्षातून एकदा येतो, चहा पितो, वर बघतो.

दोन वर्षं संपली त्या भाद्रपदात काका-काकू गणपतीला आले. काकांनी आल्या आल्या माजघराच्या दाराला कपाळ आपटून घेतलं. याच घरात वाढलेला माणूस! सगळे हसले, तेही हसले. घराच्या पुढच्या बोलण्याला मात्र कुणी हात घातला नाही. आरत्या झाल्या, मोदक झाले.

सकाळी मी उठले तर काका स्वयंपाकघरात, नव्या खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. भिंत इतकी जाड की तिथे एक माणूस पाय वर घेऊन आरामात बसतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. दारात मला बघून ते आईला म्हणाले, "वहिनी, हे संडासाचं तेव्हाच करायला हवं होतं. आई शेवटची दोन वर्षं रात्रीचं पाणी पीत नव्हती. बाहेर जायला लागू नये म्हणून. मला वाटायचं, वयामुळे तहान लागत नाही."

आई दुधाखालचा गॅस बारीक करत होती. "तेव्हा कुणी विचारलं नाही, भाऊजी."

काका काही बोलले नाहीत. बराच वेळ ते दांड्यावरच्या त्या हळदीच्या बोटांकडे बघत होते. निघताना बाबांना म्हणाले, "अजून दोन वर्षं बघू." आणि मला बाजूला घेऊन, "यंदा शाकारणीचा खर्च किती आला गं? निम्मा माझ्याकडून घेत जा."

काल रात्री पाऊस होता. मला जाग आली ती मागच्या ओसरीवरच्या दिव्यानं. आई उठली होती. दिवा लागला, दार वाजलं, पाणी वाजलं, दिवा मालवला. ती परत येऊन झोपली सुद्धा. छत्री नाही, हाका नाहीत. माडीवर कपाटाचं दार तेवढं कर्र करत उघडलं. पावसाळ्यात पाचर फुगते, ती पुन्हा तासून बसवायला हवी.